आपले कान, त्यांचे गाणे

गणेश विसर्जनाची मिरवणूक पार पडली की दरवर्षी एक प्रश्न ठरल्याप्रमाणे विचारला जातो. पिंपरीच्या कराची चौकातून आणि चिंचवडच्या चापेकर चौकातून उशिरापर्यंत जी गाणी वाजत गेली, त्यांत ऐकणाऱ्यांना नेमके मिळते तरी काय? प्रश्नाला रूप जिज्ञासेचे असते, सूर मात्र तक्रारीचा असतो आणि उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. अभिरुची बिघडली, समाज घसरला, दुसरे काय? असा प्रश्न करणारी मंडळी सहृदय असतात, यात शंका नाही. गीतरामायणावर त्यांचे कान घडलेले असतात. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ५६ गीते प्रसारित झाली, गदिमांचे शब्द आणि बाबूजींचे सूर घराघरांत पोहोचले आणि चांगले गाणे कशाला म्हणावे याचे एक माप महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना मिळाले. हे माप उत्तमच आहे. अडचण एवढीच की, ते एकच माप हाती घेऊन निघालेल्या माणसाला शेजाऱ्याचे गाणे ऐकूच येईनासे होते. त्याला ऐकू येतो तो केवळ गोंगाट.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रसंग रोजचा आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, टेल्को आणि बजाज यांनी माळरानाचे कारखान्यांत रूपांतर केले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा ओघ नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला आणि २००९ पर्यंत बजाजच्या जोडीला तेथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज बेंझ यांचेही कारखाने आले. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. ही माणसे आकाशातून पडली नाहीत. कोणी साताऱ्याहून आले, कोणी बीड-नांदेडहून, कोणी बुलढाण्याहून, कोणी छपरा आणि बलियाहून. पेटी-वळकटीबरोबर प्रत्येक जण आपले गाणे घेऊन आला. निगडी प्राधिकरणातील एखाद्या बंगल्यात 'सौभद्रा'तील पदांची मैफल रंगते, तेव्हा तेथून पंधरा-वीस किलोमीटरवर कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांत एकेका खोलीत पाच-सहा कामगार दिवसपाळी आटोपून पडलेले असतात आणि कोणाच्या तरी मोबाइलवर भोजपुरी गाणे सुरू असते. शेजारच्या खोलीत आयटीआय करून आलेली मराठवाड्यातील मुले आनंद शिंदे ऐकत असतात. हिंजवडीच्या बसमधील अभियंत्याच्या कानात आणखी तिसरेच काही असते. यांतील कोणालाच दुसऱ्याचे गाणे कळत नाही. पण 'हे कसे ऐकवते तुम्हाला?' असे विचारण्याचा अधिकार मात्र एकानेच स्वतःकडे घेतलेला असतो.

आनंद शिंदे यांचेच उदाहरण घ्यावे. सुशिक्षित मध्यमवर्गाला ज्यांच्या लोकप्रियतेचा उलगडा होत नाही, अशा मराठी गायकांत त्यांचे नाव बहुधा पहिले येईल. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४). घराणे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे संत चोखामेळ्यांच्या गावचे. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची भक्तिगीते आषाढीच्या दिवसांत देहू-आळंदीच्या वाटेवरील टपऱ्याटपऱ्यांतून वाजत असतात. तुकोबांची पालखी मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते, तेव्हा आसपासच्या गल्ल्यांत तोच आवाज भरून राहिलेला असतो आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नसते. याच आवाजाने डॉ. बाबासाहेबांवरील गीते वस्त्यावस्त्यांत नेली, याच आवाजाने कव्वालीचे मुकाबले गाजवले. पुढे कॅसेटचा जमाना आला. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली, छोट्या कंपन्या गल्लीबोळांतून निघाल्या आणि आनंद व मिलिंद या शिंदे बंधूंची वरातीची, हळदीची, थट्टेची आणि पुष्कळदा चावट गाणी महाराष्ट्रभर पसरली. 'नवीन पोपट हा' हे त्यांतील सर्वांत गाजलेले. २००६ च्या 'जत्रा' चित्रपटात 'कोंबडी पळाली' हे गाणे आनंद शिंदे यांनी वैशाली सामंत यांच्यासह गायिले. २०१३ मध्ये 'दुनियादारी'त आनंद शिंदे यांचे चिरंजीव आदर्श यांनी 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' गायिले आणि त्या वेळी नाके मुरडणाऱ्यांपैकी अनेकांचे डोळे पाणावले. आजोबांचे भक्तिगीत हवे, नातवाचे विरहगीत हवे. मधल्या पिढीचे वरातीचे गाणे मात्र उंबऱ्याच्या आत नको! आवाज एकाच घराचा, फेक तीच, गळ्याचा उघडेपणा तोच. बदलले आहे ते केवळ गाण्याचे स्थान. मग आपण नेमके काय नाकारत आहोत, गाणे की ते ज्या ठिकाणी वाजते ते ठिकाण?

या गाण्यांची घडण पाहिली तर उलगडा अवघड नाही. ती बैठकीची गाणी नाहीत. लोड-तक्क्याला टेकून, डोळे मिटून, मुरकी आणि मींड टिपण्यासाठी ती केलेलीच नाहीत. जो गायक उघड्या मैदानात, कर्ण्याच्या भरवशावर, हजार-पाचशे माणसांसमोर गातो, त्याला वरच्या पट्टीत आणि भरल्या छातीने गावे लागते. नाजूक गळा तेथे चार पावलांवर विरून जाईल. चाल दोन-तीन ओळींत आटोपते, कारण ती ऐकणाऱ्याला दुसऱ्या फेरीत म्हणता आली पाहिजे. ध्रुवपद पुन:पुन्हा येते, कारण मिरवणूक चालत असते आणि दर पन्नास पावलांवर नवा माणूस तिच्यात सामील होत असतो. लय अशी की थकलेल्या पायालाही ठेका धरता यावा. आठ-दहा तास यंत्रासमोर उभ्याने काढलेल्या माणसाला रात्री ख्यालाचा विलंबित विस्तार हवासा वाटत नसेल, तर तो त्याच्या संस्काराचा दोष नव्हे, पायांचा थकवा आहे. त्याला त्या घटकेला शरीर मोकळे करणारे काही हवे असते. भीमसेन जोशी यांच्या तोडीने तृप्त होणारा रसिक आणि वरातीत बेभान नाचणारा तरुण यांची तुलनाच होऊ शकत नाही. दोघे दोन वेगळ्या कामांसाठी गाण्याकडे गेलेले असतात. भाकरीच्या तव्याने पुरणपोळी नीट होत नाही म्हणून तवा कोणी मोडीत काढत नाही.

अजय-अतुल यांच्या बाबतीत हे कोडे थोडे वेगळ्या रीतीने सुटले. गोगावले बंधूंचे वडील महसूल खात्यात. त्यांच्या बदल्यांनिमित्त या दोघांचे बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर परिसरातील गावांत गेले. संगीताचे रीतसर शिक्षण नाही. कानांवर पडले ते जत्रेतील बँड, गोंधळ, भजन, हलगी आणि ढोल. 'जोगवा'साठी त्यांना २००८ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा अभिजनांनी मान डोलावली. २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला आणि 'झिंगाट'वर शहरांपासून वाड्यावस्त्यांपर्यंत सारा महाराष्ट्र नाचला, तेव्हा त्यांतील अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्याच चित्रपटासाठी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाश्चात्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला होता, हे कळल्यावर आठ्या थोड्या सैल झाल्या. म्हणजे जत्रेचा ठेका व्हायोलिनच्या सोबतीने आला की चालतो, एकटा आला की चालत नाही! हा आपल्या कानांचा न्याय आहे. त्याला रसिकता म्हणावे की प्रतिष्ठेची भूक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चाकणच्या खोल्यांतील भोजपुरी गाण्याकडे मात्र मराठी माणूस अधिकच परकेपणाने पाहतो. पवन सिंह, खेसारीलाल यादव ही नावे पुण्याच्या वृत्तपत्रांत क्वचितच येतात. तथापि या पट्ट्यातील हजारो कामगारांच्या ओठांवर ती असतात. या गाण्यांपैकी बरीच उथळ आहेत, काही उघड अश्लील आहेत आणि त्याविषयीची चीड बिहार-पूर्वांचलातील विचारी माणसांनीही वेळोवेळी व्यक्त केली आहे. पण या प्रवाहाचा उगम कोठे आहे, हे पाहिल्यावाचून निकाल देणे उतावीळपणाचे होईल. सारण जिल्ह्यातील भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) हे जातीने नाभिक, शाळेत फारसे न गेलेले. त्यांच्या 'बिदेसिया' या नाटकाचा विषय काय, तर पोटासाठी कलकत्त्याला गेलेला नवरा आणि गावी त्याची वाट पाहणारी बायको. गेली शंभर वर्षे भोजपुरी गाण्याच्या केंद्रस्थानी ही ताटातूट आहे. कलकत्त्याच्या जागी आता मुंबई, सुरत, लुधियाना, चाकण आले एवढेच. जे गाणे आपल्याला केवळ कर्कश वाटते, त्यात वर्षातून एकदा गावी जाऊ शकणाऱ्या माणसाचे घर असते. छठपूजेच्या दिवशी हाच कामगार मोशीच्या इंद्रायणी घाटावर उभा राहतो, तेव्हा त्याच्या कानी शारदा सिन्हा यांचा आवाज असतो. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, छठपर्वाच्या पहिल्याच दिवशी, त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. शारदा सिन्हा आणि खेसारीलाल हे दोघेही एकाच मोबाइलमध्ये असतात, जसे प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे. माणूस दिवसभर एकाच भावात जगत नाही, मग त्याने एकाच भावाचे गाणे का ऐकावे?

यात आपणास परके काही वाटू नये, कारण मुंबईच्या गिरणगावात आपणही हेच केले आहे. कोकणातून आणि घाटावरून गेलेला गिरणी कामगार लालबाग-परळच्या खोलीत दाटीवाटीने राहिला, गाळ्यात पाळीपाळीने झोपला आणि तमाशाच्या थिएटरात जाऊन शिट्ट्या मारून आला. मुंबईचा पांढरपेशा तेव्हा त्याच्याविषयी तेच म्हणत होता, जे आज चाकणच्या बिहारी कामगाराविषयी म्हटले जाते. गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी त्या ताटातुटीचेच 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत रूपांतर केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिने जे काम केले, ते शंभर अग्रलेखांना जमले नसते. अण्णा भाऊ विचाराने कम्युनिस्ट होते आणि त्या विचाराशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत. छक्कडीची ताकद त्याने कमी होत नाही.

न कळण्याचा हा प्रकार केवळ वरून खाली पाहताना घडतो, असेही नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, तो युतीच्या राजवटीत आणि शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी. संस्कृतिरक्षणाची भाषा करणाऱ्यांनीच हा पाहुणा आणावा, याचे अनेकांना तेव्हा आश्चर्य वाटले होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले आणि महिनाअखेरीस एड शीरन पुण्यात गाऊन गेला. ज्या पित्याने प्राधिकरणात घर बांधताना एकेक रुपया मोजला, त्याला मुलाने एका संध्याकाळच्या तिकिटासाठी मोजलेले हजारो रुपये आकळत नाहीत. आणि मुलाला वडिलांची पहाटेची किराणा घराण्याची ध्वनिफीत आकळत नाही. खुद्द इंग्लंडमध्येही वेगळे घडले नव्हते. १९६५ मध्ये बीटल्सना राजकीय सन्मान जाहीर झाला, तेव्हा पूर्वी तो मिळालेल्या काहींनी निषेध म्हणून आपली पदके परत केली होती. तेच बीटल्स तीन वर्षांनी हृषीकेशला गंगातीरी येऊन बसले.

तथापि, वडील-मुलाचे न पटणे ही घरातली गोष्ट आहे. ज्याला आवड कळत नाही त्याच्या हाती सत्ता असते, तेव्हा प्रश्न गंभीर होतो आणि याचा सर्वांत बोधप्रद दाखला एका मराठी माणसाचाच आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. विद्वान, संगीताचे जाणकार, हेतूने निर्मळ. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि राजाश्रय गमावलेल्या कितीतरी कलावंतांना आकाशवाणीने अन्न दिले, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण चित्रपटगीतांत लोकांना काय आवडते हे त्यांना कळले नाही आणि जे आपल्याला कळत नाही ते लोकांनी ऐकू नये, अशी व्यवस्था त्यांनी केली. प्रारंभी गीतांची संख्या आणि वेळ कमी केला, पुढे निर्मात्यांशी बिनसले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? श्रोते ख्यालाकडे वळले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र कोलंबोच्या हवाली झाली. ज्या देशात ही गीते जन्मली त्याच देशाच्या नभोवाणीला ती पारखी झाली आणि परक्या देशाच्या केंद्राला जाहिरातींचे उत्पन्न मिळाले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला आपली पावले मागे घ्यावी लागली. ज्या गीतांना तेव्हा उथळ ठरवले गेले, त्यांत नौशाद, शंकर-जयकिशन, सी. रामचंद्र यांच्या रचना होत्या. आजच्या कोणत्याही ज्येष्ठ नागरिक संघाचा वाद्यवृंद त्यांच्याच बळावर चालतो!

पेटीची कथा तर याहून चमत्कारिक. विलायती वाद्य, भारतीय श्रुतींना अपुरे, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले आणि ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातील एकाही भजनी मंडळाने पेटी सोडली नाही. तमाशाबाबतही तेच. स्वातंत्र्यानंतर लगोलग बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली. पुढे समिती नेमून, संहिता तपासण्याची अट घालून परवानगी दिली गेली. तमाशा टिकला, परंतु त्या काळात ज्या फडांच्या चुली विझल्या, त्यांची भरपाई कोणी केली नाही. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी निवर्तल्या, त्या हलाखीतच. त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. जिवंतपणी 'यात लोकांना काय दिसते?' आणि मृत्यूनंतर 'लोककलेचा ठेवा', हा आपला जुना परिपाठ आहे.

वास्तविक आपली परंपरा याहून पुष्कळ मोकळी होती. संत एकनाथांनी पैठणच्या रस्त्यावर काय ऐकले? वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी बाई, बाजारातली भांडणे. संस्कृत भागवतावर टीका लिहिणाऱ्या पंडिताने या गाण्यांना कान दिले, त्यांचा ठेका उचलला आणि भारुडे रचली. त्यासाठी आधी ते ऐकावे लागले असणार, आणि नाक मुरडून ऐकणाऱ्याला ठेका सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेठऱ्याच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी घरदार, जातीचा मान सारे सोडून तमाशाचा फड जवळ केला आणि महाराष्ट्राला पठ्ठे बापूराव मिळाले. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा ही त्यांची सहकलावती महार समाजातील होती. या एका जोडीने जातिभेदाच्या भिंतीला जे भगदाड पाडले, त्याची नोंद समाजसुधारणेच्या इतिहासात यावी तशी आलेली नाही. आणि ज्या नाट्यसंगीताला आज आपण शुद्धतेचा मानदंड मानतो, ते तरी कशातून उभे राहिले? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ च्या 'सौभद्रा'त साकी, दिंडी यांबरोबर लावणीच्या चालीही घेतल्या. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या 'मानापमाना'त पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचे रंग आणले. म्हणजे चाकणच्या खोलीतला भोजपुरी मुलूख शंभर वर्षांपूर्वीच मराठी रंगभूमीवर येऊन गेला आहे!

येथे कोणी म्हणेल, मग सारेच चांगले म्हणावयाचे काय? मुळीच नाही. कंबरेखालचे शब्द, स्त्रीला केवळ भोगवस्तू करणारी गाणी, लहान मुलांना त्यावर नाचवणारे पालक या गोष्टी निषेधार्हच आहेत आणि त्या मराठीत असोत, भोजपुरीत असोत वा इंग्रजीत, त्यांना एकच न्याय हवा. तसेच आवाजाचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर सविस्तर निर्णय दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद असावेत, वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही सवलत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. डीजेच्या भिंतींनी खिडक्यांची तावदाने हादरतात, हृदयविकाराचा रुग्ण कासावीस होतो, लेसरचे झोत डोळ्यांवर पडतात, तेव्हा तक्रार अवश्य करावी. मात्र ती आवाजाची करावी, आवडीची नव्हे. कारण डेसिबलचे यंत्र चाल पाहत नाही. ढोल-ताशांची पथके ही पुण्याची अभिमानाची गोष्ट, आमच्याही. परंतु शे-दीडशे ढोल एकाच वेळी कडाडले की काटा ५५ वर थांबत नाही, हे त्या यंत्रासमोर उभे राहून कोणीही पाहावे. आपला ढोल तो नाद आणि त्यांचा डीजे तो गोंगाट, ही भूमिका 'आपला तो बाब्या' या म्हणीपलीकडे जात नाही. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी कोथरूड येथे दिलजित दोसांझ यांचा कार्यक्रम झाला, त्या वेळी स्थानिकांनी मद्यविक्रीला हरकत घेतली, उत्पादन शुल्क विभागाने मद्याचा परवाना रद्द केला आणि कार्यक्रम पार पडला. आक्षेप नेमका असला की असा मार्ग निघतो. 'हा कसला गायक?' अशी सुरुवात झाली असती, तर वाद वाढला असता आणि मद्याचा मुद्दा त्यात बुडाला असता.

सामाजिक समरसतेचा विषय आपण वर्षानुवर्षे मांडत आलो आहोत. एकत्र भोजन, एक पाणवठा, एक स्मशान हे आग्रह योग्यच आहेत. पण ज्याच्या ताटाशी आपण ताट लावतो, त्याचे गाणे ऐकताच आपल्या चेहऱ्यावर जी रेषा उमटते, ती त्याला दिसत नाही असे समजू नये. ती त्याला जेवणाच्या आमंत्रणापेक्षा लवकर दिसते. भोसरीच्या कारखान्यात एकाच ओळीत उभे राहून गाडीचे भाग जोडणारे मराठवाड्याचे आणि बिहारचे दोन तरुण एकमेकांची भाषा चार महिन्यांत शिकतात, गाणीही देवाणघेवाण करतात. अभियंता, व्यवस्थापक, प्राध्यापक, पत्रकार या मंडळींना मात्र ते चाळीस वर्षांत जमलेले नसते.

पिंपरी-चिंचवडमध्ये सभागृहांची वाण नाही. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. तेथे नाट्यसंगीताच्या आणि जुन्या चित्रपटगीतांच्या मैफली वरचेवर होतात, त्या व्हाव्यातच. त्यांच्या जोडीला गणेशोत्सवातील दहा दिवसांपैकी दोन संध्याकाळी सोसायट्यांच्या आणि कारखान्यांच्या मंडळांनी वेगळ्या राखून पाहाव्यात. एक संध्याकाळ छपरा-बलियाकडच्या कामगारांना द्यावी. त्यांच्यात निर्गुण, चैती, बिरहा गाणारे असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते एवढेच. दुसरी संध्याकाळ लोकनाट्याच्या फडाला द्यावी. गण, गवळण, बतावणी, वग असा पूर्ण क्रमाने, 'झिंगाट'ची फर्माईश न करता. आणि दोन्ही दिवशी पहिल्या रांगेत प्राधिकरणातील रसिकांनी बसावे, मध्यंतरात उठून जाऊ नये. यात्रांच्या हंगामासाठी फडांच्या राहुट्या नारायणगावला पडतात आणि गावोगावचे पंच गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे सुपाऱ्या ठरवतात. चाकणहून नारायणगाव साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. गणेशोत्सवाची तारीख धरावयाची असेल, तर तेव्हाच जाऊन बोलणी करून ठेवणे सोयीचे.